साहेबांच्या गाडीची मागची सीट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक चाळिशीला टेकले आहेत. त्यांचे वडील, आता वय ७२, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले. साहेबांच्या मोठ्या जर्मन सेडानचा दरवाजा उघडून ते बाजूला उभे राहायचे. मागच्या सीटवर स्वतः कधी बसले नाहीत. पत्रलेखकांना आता १३ वर्षं जुनी बीएमडब्ल्यू ५ सीरिज मिळते आहे. दोन लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर ८६,००० किलोमीटर, दोन मालक, ‘सगळी सर्व्हिस शोरूमला’. किंमत नव्या छोट्या हॅचबॅकएवढी. त्यात बचतीचा बहुतेक भाग जाईल. गाडी रोज वापरायची आहे, घर ते ऑफिस सहा किलोमीटर. पत्नीला त्याच पैशात नवी छोटी गाडी हवी आहे; ‘नाकापेक्षा मोती जड’ असं ती म्हणते. वडिलांना काहीच सांगितलेलं नाही, कारण एके दिवशी गाडी दारात उभी करून त्यांना मागे बसवायचं आहे. विकणाऱ्याने एका आठवड्याची मुदत दिली आहे. गाडी घ्यावी का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मला बराच वेळ गाडीच दिसत होती. शेवटच्या परिच्छेदात वडील आले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. प्रश्न तुम्ही एकच विचारलाय, पण त्यात दोन गुंतलेत. ही गाडी घेण्याजोगी आहे का, हा एक. वडिलांसाठी जे मनात आहे ते हिच्यामुळे साधेल का, हा दुसरा. ते वेगळे केले नाहीत तर पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या ओढीने दिलं जाईल. म्हणून आधी फक्त गाडीबद्दल बोलते.

हातात आठवडाच आहे, तेव्हा माझं मत सांगून टाकते. एवढ्या बचतीवर आणि अशा वापरासाठी ही गाडी घेऊ नका, असं मला वाटतं. कारणं सविस्तर सांगते, कारण अशी पत्रं मला अधूनमधून येतात आणि त्यातल्या काहींना मी ‘जरूर घ्या’ असंही सांगितलंय.

तुम्ही लिहिलंय, ‘छोट्या गाडीच्या पैशात एवढी मोठी गाडी मिळतेय.’ या वाक्यापाशी जरा थांबा. एकेकाळी अनेक पटींनी महाग असलेली गाडी इतकी खाली का आली? नव्या गाडीचं नवेपण सरलं, हे एक कारण. पण मोठ्या सेडानच्या किमती साध्या गाड्यांपेक्षा झपाट्याने उतरतात त्याचं मोठं कारण म्हणजे पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक येणारा खर्च मनात धरूनच आकडा बोलतो. तुम्हाला सांगितलेल्या किमतीतून तो खर्च आधीच वजा झालेला आहे. म्हणजे जी रक्कम वाचली असं तुम्हाला वाटतंय, ती गाडीने अजून मागितलेली नाही, एवढंच.

आणि मागताना ती आपल्या जुन्या रुबाबानेच मागते. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या हेडलाइटची उतरत नाही. ब्रेकच्या डिस्क, शॉकअब्सॉर्बर, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर, गाडीचे छोटे संगणक म्हणजे कंट्रोल युनिट, हे सगळं ती गाडी नवी असताना ज्या वर्गातली होती त्याच वर्गाच्या भावाने मिळतं. कामाची मजुरीही तशीच, कारण एक भाग काढायला आधी चार भाग काढावे लागतात. छोट्या गाडीच्या किमतीत घेतलेली मोठी गाडी छोट्या गाडीच्या खर्चात चालत नाही. तुमच्या पत्नीला हे आकडे माहीत नसतील, पण अंदाज त्यांचा बरोबर आहे.

आता ८६,००० किलोमीटर. ‘रनिंग कमी आहे’ ही तुम्हाला सगळ्यात जमेची बाजू वाटते. मला नेमकी तीच सतावते. १३ वर्षांत ८६,००० म्हणजे वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास, दिवसाला सरासरी १८ किलोमीटर. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली डिझेल सेडान रोज १८ किलोमीटर चालली असेल, तर तीन शक्यता उरतात. ती जवळच्या जवळ फिरत राहिली, महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली, किंवा मीटर मागे फिरवलाय. यातली एकही आनंदाची नाही.

पहिल्या दोन शक्यता निरुपद्रवी वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं जास्त सांगते. आधुनिक डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं आणि काही काळ तिथेच टिकावं लागतं. मोठ्या रस्त्यावर अर्धा तास एका वेगाने गाडी पळाली की हे काम आपल्या नकळत होतं. सहा किलोमीटरवर ऑफिस आलं आणि इंजिन बंद केलं, की ते अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो. शिवाय काजळी जाळण्यासाठी गाडी जे जादा डिझेल सोडते त्याचा काही अंश इंजिन ऑईलमध्ये उतरतो, ऑईल पातळ होतं आणि इंजिनाच्या आतलं वंगण कमजोर पडतं. म्हणजे गाडीने आजवर हेच सोसलं असण्याची शक्यता आहे आणि तुम्हीही तिला हेच देणार आहात. रोजच्या सहा किलोमीटरला डिझेल मुळात नकोच, गाडी नवी असली तरी. हा सल्ला तुमच्यापुरता नाही. रोजचा पल्ला छोटा असलेल्या प्रत्येकाला मी तो देईन.

एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचं दुखणं वेगळं. रबर आणि प्लास्टिक मीटर बघून म्हातारं होत नाही. सस्पेन्शनचे बुश म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, इंजिन माउंट, कूलंटचे पाइप, गॅस्केटं आणि सील कडक होतात, चिरतात, झिरपायला लागतात. गाडी १३ वर्षांची असेल तर तिच्यातलं मूळ रबरही १३ वर्षांचंच आहे, मीटर काहीही म्हणो. वर्षाला १५,००० चाललेली आणि वेळच्या वेळी बुश, पाइप बदललेली गाडी मी या ८६,००० वाल्या गाडीआधी बघायला जाईन.

तुमच्या इंजिनाबद्दल नेमकं बोलायचं तर, त्या पिढीच्या ५ सीरिजमध्ये दोन लिटरचं जे डिझेल इंजिन २०१० पासून येत होतं त्याला एन४७ म्हणतात. २०१४ मध्ये त्याची जागा नव्या इंजिनाने घेतली. १३ वर्षांची गाडी म्हणजे तुमचं बहुधा तेच. या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती वेळेआधी झिजते म्हणून हे इंजिन मेकॅनिक मंडळींत प्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या वर्षांतली इंजिनं त्यात जास्त बदनाम, तुमचं त्यानंतरचं असू शकेल. तरी चेनला हात घालायचा तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि चालत्या गाडीत ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग दुरुस्तीची गोष्ट संपते आणि दुसरं इंजिन शोधण्याची सुरू होते. एवढ्यावरून ही गाडी वाईट ठरवू नका. ती चालवायला फार सुंदर गाडी आहे, हे मी मनापासून सांगते. मात्र ‘चेन बदलली आहे का, कधी, बिल दाखवा’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तिची किंमत ठरवताच येत नाही, आणि तुमच्या पत्रात तो कुठेच नाही.

‘सगळी सर्व्हिस शोरूमला’ यानेही तुम्ही निश्चिंत झालेले दिसता. शोरूमची फाइल असणं चांगलंच. पण त्यात काय झालं हे वाचायला हवं, नुसते शिक्के मोजून भागत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या. गाडीत बसवलेला आठ गिअरचा गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीचा आहे. अशा गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभर पुरतं, बदलायची गरज नाही, असं गाड्यांच्या कंपन्या बऱ्याचदा सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. म्हणजे शोरूमच्या वेळापत्रकाप्रमाणे सगळं झालेल्या गाडीतही १३ वर्षांचं मूळ गिअर ऑईल असू शकतं, आणि फाइलमध्ये काहीही चुकलेलं दिसणार नाही.

फाइल बघताना एक काम आजच करा. त्याला पैसे लागत नाहीत. चासी नंबर मागून घ्या, १७ अक्षरं-आकड्यांचा असतो, आणि कंपनीकडे चौकशी करा की या गाडीवर कुठला रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या अनेक डिझेल गाड्या एक्झॉस्ट वायू थंड करणाऱ्या कूलरच्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. त्यातून कूलंट गळून काजळीत मिसळलं तर आग लागण्याचा धोका होता. त्याच सुमाराच्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांमध्ये ताकाता या कंपनीच्या एअरबॅग होत्या. उष्णता आणि दमटपणाने त्यांच्यातलं रसायन वर्षांनुवर्षं बिघडत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात; माणसं दगावली आहेत. रिकॉलचं काम फुकट होतं, मालक बदलला म्हणून ते नाकारत नाहीत. जुनी गाडी घेणाऱ्या कुणीही, ती कुठल्याही कंपनीची असो, हे आधी तपासावं. वडील त्या गाडीत बसणार आहेत.

यावरून कुणाला वाटेल की जुनी आलिशान गाडी म्हणजे पांढरा हत्ती. तसं सरसकट नाही. १९८९ मध्ये आलेल्या लेक्सस एलएस४०० ने आलिशान आणि टिकाऊ हे दोन शब्द एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिलं. त्या गाड्या लाखो किलोमीटर चालल्या. मर्सिडीजची साधी जुनी डिझेल इंजिनंही तशीच. त्रास आलिशानपणाचा नसतो, गाडीत किती गोष्टी बिघडू शकतात याचा असतो. हवेवरचं सस्पेन्शन, आपोआप मिटणारे दरवाजे, वळणाऱ्या लाइट, मसाज करणाऱ्या सीट, यातलं प्रत्येक सुख एका मोटरवर, एका सेन्सरवर आणि वायरिंगच्या एका जोडावर उभं असतं. म्हणून जुनी मोठी गाडी घेणाऱ्यांना मी सांगते, की कमीत कमी सोयींची घ्या. भरगच्च गाडीपेक्षा त्याच मॉडेलची साधी गाडी म्हातारपणी कमी रडवते.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगते. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आमच्या घरी अशीच एक मोठी जुनी सेडान होती, सनरूफवाली. सनरूफच्या कडेने पडणारं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. त्यातली एक कचऱ्याने तुंबली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. पाऊस आत शिरला, गालिच्याखालच्या फोममध्ये मुरला आणि वरून सगळं कोरडंच दिसत राहिलं. सीटखाली एक कंट्रोल युनिट होतं, ते त्या ओलीत सडलं. एके सकाळी गाडी सुरूच होईना. नळी साफ करायला पातळ तार आणि दहा मिनिटं पुरली असती. त्या युनिटसाठी आम्ही काही महिने दुसऱ्या खर्चांना कात्री लावली आणि तेवढे दिवस गाडी दारात उभी राहिली. उभी राहिली म्हणून बॅटरी गेली, डिस्कवर गंज चढला. पैसे नसताना आलेलं एक दुखणं उभ्या गाडीत दुसरी दोन तयार करतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाक्य गाडीबद्दलचं नाहीच. ‘बचतीचा बहुतेक भाग जाईल’ हे ते वाक्य. गाडी कितीही चांगली निघाली तरी १३व्या वर्षी काहीतरी निघणार. त्या दिवशी तुमच्याकडे काही नसेल तर एकतर घरखर्चातून काढाल, नाहीतर काम पुढे ढकलाल. पुढे ढकलायची सवय लागलेल्या मालकाच्या हातात अशी गाडी दोन वर्षांत पार बसते. मग ती तुमच्यासारख्याच कुणाला ‘रनिंग कमी’ म्हणून विकली जाते.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: अशी गाडी घेतल्यावर तिच्या किमतीचा निदान एक तृतीयांश भाग बाजूला, हात न लावता, पहिल्या वर्षासाठी राहायला हवा. आणि तो घराच्या अडीअडचणीच्या पैशांपेक्षा वेगळा हवा. तो नसेल तर अजून वेळ आलेली नाही असं समजावं. कर्ज काढून घेणाऱ्यांनी तर फार जपावं. गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ता चालू, यासारखी घुसमट नाही.

हे पटत नसेल, मन ऐकत नसेल, तर एक प्रयोग करून बघा. सहा महिने असं वागा की गाडी तुमच्याकडे आहे. दर महिन्याला इंधन, विमा, टायर, सर्व्हिस आणि दुरुस्ती मिळून जी रक्कम लागेल असं एखादा ओळखीचा मेकॅनिक सांगतो, ती वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांनी ती टाकताना त्रास झाला नसेल तर तुम्हाला अशी गाडी झेपते, आणि तिच्या देखभालीचे पैसेही जमा झालेले असतील. दर महिन्याला हात आखडला असेल, तर ते गाडीशिवाय कळलं हे फार बरं झालं. ‘पण तोवर ही गाडी जाईल’ असं तुम्ही म्हणाल. जाऊ द्या. ही दुर्मिळ गाडी नाही. आठवड्याची मुदत विकणाऱ्याची गरज आहे, ती तुम्ही आपल्या डोक्यावर घेऊ नका.

पत्नीच्या म्हणण्याबद्दलही थोडं. आकड्यांच्या बाबतीत त्या बरोबर आहेत, पण ‘ही किंवा नवी छोटी’ अशा दोनच वाटा आहेत असं तुम्ही दोघांनीही धरून चाललायत. नवी छोटी गाडी वॉरंटीसह येते, झोप शांत लागते. पण पहिल्या काही वर्षांत तिचीही किंमत भराभर उतरते, आणि ७२ वर्षांच्या माणसाला लांबच्या प्रवासात मागची सीट अवघडून टाकते. मधली वाट बघा: चार-पाच वर्षांची, साध्या कंपनीची मध्यम सेडान, पेट्रोल किंवा हायब्रिड. तिचे भाग कुठल्याही गॅरेजला मिळतात, मागे पाय पसरता येतात, रोजच्या सहा किलोमीटरला ती कुरकुरत नाही. किंमत तुमच्या आवाक्यात बसली तर बचतीतलं काही शिल्लकही राहील. दोघांनी मिळून दोन-तीन गाड्या चालवून बघा. घरात हा विषय ‘तुझी गाडी की माझी गाडी’ असा राहिला, तर कुठलीही घेतली तरी तिच्या प्रत्येक बिलावर तो पुन्हा निघेल.

आता ज्यांना मी ‘घ्या’ म्हणते त्यांच्याबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, ही बंद पडली तरी अडणार नाही. पैसे बाजूला आहेत. त्या कंपनीचं काम जाणणारा, शोरूमबाहेरचा भरवशाचा मेकॅनिक आहे. आणि मुख्य म्हणजे गाडीची निगा राखण्यात जीव रमतो. अशा माणसाला जुनी आलिशान सेडान जे सुख देते ते नवी साधी गाडी देऊ शकत नाही. त्यांनी गाडी बघायला सकाळी जावं आणि विकणाऱ्याला आधीच सांगावं की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर पुन्हा यायचं, कारण चेनची खरखर, सुरुवातीचा धूर, व्हॉल्व्हची टकटक हे सगळं थंड इंजिनातच ऐकू येतं, दिसतं. मग खाली वाकून टायर बघायचे. प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एका चांगल्या कंपनीचे आणि एकाच वयाचे असतील तर मालकाने पैसे खर्च करताना हात आखडला नाही. चार तऱ्हेचे चार स्वस्त टायर असतील, तर जिथे तुमची नजर पोचत नाही तिथेही त्याने असंच केलं असणार. मला विचाराल तर टायर हे मालकाच्या स्वभावाचं सगळ्यात खरं प्रमाणपत्र आहे.

गालिचा उचलून खालच्या फोमवर तळहात दाबा. प्रत्येक काच, प्रत्येक सीट, एसीचा प्रत्येक वेग चालवून बघा. लाज वाटू देऊ नका. गाडी निदान तासभर चालवा, कारण गिअरबॉक्सचे झटके तो पुरता तापल्यावरच जाणवतात. गतिरोधकावरून हळू नेताना खालून ठक असा आवाज आला तर बुश किंवा जॉइंट गेलेत. शेवटी आपल्या मेकॅनिककडून स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडांचे कोड वाचणारं यंत्र, लावून घ्या. एकही फॉल्ट कोड नाही म्हणून खूश होऊ नका. ‘गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झालेल्या आहेत का’ हे त्याला बघायला सांगा. त्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असण्याची शक्यता मोठी. किलोमीटरची नोंद मीटरखेरीज दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही असते. आकडे जुळत नसतील तर निघून या. आणि विकणारा तपासणीलाच नाही म्हणत असेल, तर बाकी काही बघायची गरज नाही.

आता वडील.

तुम्हाला त्यांना त्या सीटवर बसवायचंय. ही इच्छा मला अजिबात पोरकट वाटत नाही. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यासाठी दार उघडलं, त्याच्यासाठी एकदा दार उघडावं, हे वाटणं किती खरं आहे. पण एक विचारू? मागची सीट त्यांना हवी आहे, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही लहानपणी बाहेर उभं राहून बघितलं, ते दार उघडून बाजूला होताना. तुम्हाला त्यात त्यांचं कमीपण दिसलं असेल. त्यांना काय वाटत होतं? कदाचित त्यांनाही तेच सलत असेल. कदाचित ती गाडी चालवणं हाच त्यांचा अभिमान असेल, आणि मागे बसलेल्या साहेबांकडे त्यांनी कधी हेव्याने बघितलंही नसेल. मला माहीत नाही, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं, की तुम्हीही हे त्यांना कधी विचारलेलं नाही.

दुसरं, अगदी व्यवहाराचं. सेडानची मागची सीट खाली असते. ७२व्या वर्षी गुडघे कसे आहेत? आत बसणं जमतं, पण बाहेर येताना हाताला धरून उठावं लागलं तर ज्या क्षणासाठी एवढं केलं तो त्यांना अवघड जाईल. अशी एखादी गाडी चालकासह दिवसभरासाठी भाड्याने घ्या. त्यांना हवं तिथे न्या. मागच्या सीटचा आनंद त्या एका दिवसात पुरा होतो की रोज हवासा वाटतो, तेही कळेल, आणि बचत जिथे आहे तिथेच राहील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही गाडीची माहिती गोळा केलीत, विकणाऱ्याशी बोललात, मला एवढं मोठं पत्र लिहिलंत. ज्या माणसाने आयुष्य अशाच गाड्यांच्या स्टेअरिंगमागे काढलं, तो तुमच्या घरात आहे आणि त्यालाच तुम्ही विचारलेलं नाही. इंजिनाच्या आवाजातला फरक त्यांना माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा नक्की जास्त कळत असेल. गिअर कुठे अडखळतो, ब्रेक कुठे ओढतो, हे त्यांना लगेच जाणवेल. मुलाने आणलेल्या गाडीत बसण्याइतकाच, मुलाने ‘बाबा, ही गाडी जरा बघून द्याल का?’ असं विचारण्याचाही मान मोठा असतो. सरप्राइज हुकेल, हे खरं. त्याच्या बदल्यात निवड दोघांची होईल.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. वडिलांना सगळं सांगा, बचतीचा आकडा आणि पत्नीचं म्हणणं यांच्यासह. मग एका सकाळी त्यांना घेऊन ती गाडी बघायला जा. पैसे सोबत नेऊ नका. बोनेट थंड असू द्या, किल्ली त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. त्यांना हवी तेवढी चालवू द्या. परत आल्यावर ते काय म्हणाले, ते मला जरूर लिहा.